कंपायलर बसवण्याच्या सूचना सुधारताना: कोकणातून लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न कोणासाठी?

रत्नागिरी, चिपळूण, लोणेरे, कुडाळ, मालवण इथे शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या आणि जीसीसी, एलएलव्हीएम, रस्ट, गो अशा मुक्तस्रोत कंपायलरांच्या (लिहिलेल्या कोडचं मशीनला चालवता येईल असं रूप करणाऱ्या साधनांच्या) इन्स्टॉलेशनच्या पानांवर हात फिरवू पाहणाऱ्या मंडळींसाठी. इथे कमांड, पर्याय आणि एररचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रकल्पाच्या पानावर ते रोमन लिपीत, अक्षरन् अक्षर जसेच्या तसे जायला हवेत.

कंपायलरच्या आतलं काही कळत नाही. तरी चालेल का?

चालेल, आणि बऱ्याचदा तेच बरं पडतं. कंपायलरवर रोज काम करणाऱ्याच्या मशीनवर लागणारी प्रत्येक लायब्ररी कधीच बसलेली असते. पान अपुरं आहे हे त्याला दिसतच नाही, कारण त्याच्याकडे सगळं पहिल्या झटक्यात चालतं. नवीन माणूस तिसऱ्या ओळीवर अडतो, तेव्हा खरी चूक सापडते. तुम्हाला टर्मिनल वापरता यायला हवं आणि एरर पूर्ण वाचायची सवय हवी, एवढंच.

सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या मशीनवरून. पान उघडा आणि लिहिलंय तेवढंच करा. स्वतःची अक्कल वापरून मधली पायरी भरून काढू नका. जिथे ती वापरावी लागली, तिथे पान अपुरं आहे. सुरू करण्याआधी ‘स्क्रिप्ट’ ही कमांड द्या, म्हणजे टर्मिनलवरचं सगळं एका फाइलमध्ये उतरत जातं. नंतर आठवून लिहिलेली एरर नेहमी थोडी चुकते.

कोरं मशीन दोन तऱ्हेचं घ्यावं. एक, डेबियन १२ चा डॉकर कंटेनर (आपल्याच मशीनच्या आत वेगळं चालणारं छोटं लिनक्स). त्यात कर्ल नाही, गिट नाही, सुडोही नाही, त्यामुळे पूर्वतयारीच्या यादीत काय राहिलंय ते लगेच उघडं पडतं. पण कंटेनरमध्ये तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असता, म्हणून परवानगीच्या अडचणी तिथे लपून राहतात. त्यासाठी दुसरं, साध्या युजरचं व्हर्च्युअल मशीन. त्याचा स्नॅपशॉट काढून ठेवला की दर खेपेला मिनिटभरात पुन्हा कोरं होतं.

पानाची रचना कशी असावी? सोर्सपासून बांधणं आधी की तयार पॅकेज?

तयार पॅकेज आधी. वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना कंपायलर वापरायचा असतो, बांधायचा नसतो. तरी अनेक पानं सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, सुरू होतात, कारण ती लिहिणारा तेच करत असतो. ज्याला एका ओळीत काम होणार होतं, तो मग संध्याकाळभर ‘कन्फिगर’ शी (बांधण्याआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टशी) झटत बसतो. पहिल्याच परिच्छेदात विचारा: वापरायचा आहे, की त्यात बदल करायचा आहे? आणि तिथूनच वाट दोन ठिकाणी फोडा.

पूर्वतयारीच्या यादीत नेमकं काय लिहावं?

प्रत्येक गोष्टीचं त्या-त्या लिनक्सवरचं पॅकेजचं नाव. ‘जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी लागतात’ (जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी) एवढं लिहून भागत नाही. डेबियन-उबुंटूवर हेडर (लायब्ररी वापरून कंपाइल करताना लागणाऱ्या फाइल) असलेल्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं, फेडोरावर ‘डेव्हल’. वाचणारा नुसती लायब्ररी बसवतो, मग ‘हेडर सापडत नाही’ अशी एरर येते आणि तो म्हणतो, अहो, बसवलंय की! जीसीसीच्या सोर्समध्ये ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात ‘डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती या लायब्ररी आणून सोर्समध्येच ठेवते. तिचा उल्लेख यादीच्या खाली नको, आधी हवा.

लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, विसरू नका. रस्टचा कंपायलर व्यवस्थित बसतो, पहिला प्रोग्राम कंपाइल करताना मात्र ‘लिंकर सीसी नॉट फाउंड’ म्हणून थांबतो, कारण लिंक करण्यासाठी तो सिस्टिमवरच्या सी कंपायलरवर विसंबतो. विंडोजवर तीच गोष्ट ‘लिंक डॉट ईएक्सई’ या मायक्रोसॉफ्टच्या लिंकरची.

मग डिस्क, मेमरी आणि वेळ. डिस्कचा आकडा बांधणीच्या प्रकारासकट द्यावा. एलएलव्हीएम आणि क्लँग (त्यावरचा सी-सी++ कंपायलर) डिबग प्रकारात, म्हणजे चुका शोधण्याची माहिती ठेवून, बांधले तर १५ ते २० जीबी जागा लागते, रिलीज प्रकारात त्याहून खूप कमी. वेळ सांगताना कोअर आणि रॅम सांगा. ‘अर्धा तास’ हा आकडा १६ कोअरवाल्याचा असेल, तर ४ जीबीच्या लॅपटॉपवाल्याला तो फसवतो.

‘कन्फिगर’ च्या पायरीवर लोक सगळ्यात जास्त कुठे अडतात?

जीसीसीच्या बाबतीत दोन जागी. पहिली, सोर्स फोल्डरमध्येच बांधायला घेणं. बांधणीचं फोल्डर सोर्सच्या पूर्ण बाहेर, शेजारी असावं. पानात ते फोल्डर तयार करण्याची कमांडसुद्धा लिहा, गृहीत धरू नका. दुसरी, ६४ बिट मशीनवर ३२ बिटच्या लायब्ररी नसणं. तेव्हा ‘--डिसेबल-मल्टिलिब’ द्यावं लागतं, आणि बहुतेकांना ३२ बिट कधीच लागत नाही. जीसीसी स्वतःला तीन फेऱ्यांत बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचं फळ ताडून पाहतो, हेही एका वाक्यात सांगावं. नाहीतर तेच फाइलनाव पुन्हा पडद्यावर आलेलं पाहून वाचणारा कंट्रोल-सी दाबतो.

सीमेकवाल्या प्रकल्पांत (बांधणीची आखणी सीमेक या साधनाने करणाऱ्या, जसं एलएलव्हीएम) जुनी कॅश नडते. कंपायलर बदलला किंवा फोल्डर दुसरीकडे हलवलं, तर ‘सीमेककॅश’ फाइलमध्ये जुनेच पूर्ण पत्ते राहतात. बांधणीचं फोल्डर काढून टाका आणि नव्याने सुरू करा, असं स्पष्ट लिहावं.

बांधणी मध्येच ‘किल्ड’ म्हणून मरते. पानात काय सांगावं?

‘सिग्नल ९’ किंवा नुसतं ‘किल्ड’ दिसलं की समजावं, मेमरी संपली आणि कर्नलने ती प्रक्रिया मारली. दोष सोर्सचा नाही. याचं मूळ अनेकदा पानातच असतं: ‘मेक -जे’ (मेक म्हणजे बांधणी चालवणारं साधन, ‘-जे’ म्हणजे एका वेळी किती कामं) असं आकड्याशिवाय लिहिलेलं. आकडा नसला की मेक जमतील तितकी कामं एकदम सुरू करतो आणि मशीन गोठतं. कोअरइतका आकडा देणंही प्रत्येक वेळी बरोबर नसतं. ढोबळ हिशोब असा, एका कामामागे २ जीबी रॅम धरावी. ८ जीबीच्या मशीनला ‘-जे३’ किंवा ‘-जे४’ पुरे, ब्राउझर बंद करून.

लिंक करणं त्याहून भुकेलं असतं. एलएलव्हीएममध्ये ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स’ १ वर ठेवता येतं, पण हा पर्याय मेकऐवजी निन्जा हे बांधणीचं साधन वापरलं तरच लागू पडतो. मेकवर तो दिला तर उपयोग नाही, आणि हे न लिहिल्यामुळे वाचणारा पर्याय देऊनही मार खातो. त्याच्या जोडीला ‘एलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्ड’ मध्ये आपल्याच प्रोसेसरचं नाव द्यावं. मुळात तिथे सगळी टार्गेट्स धरलेली असतात. एआरएमपासून रिस्क-व्हीपर्यंतचा कोड मालवणातल्या इंटेलच्या पीसीवर कशाला बांधत बसायचं? बांधणी डिबगऐवजी रिलीज प्रकारात घेतली की बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

दर वेळी वेगळ्या फाइलवर कंपायलर कोसळतो. हे काय?

ही बहुधा हार्डवेअरची तक्रार. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ आज या फाइलवर, उद्या त्या फाइलवर, आणि पुन्हा चालवली की पुढे जाते, असं असेल तर रॅमवर संशय घ्यावा. जीसीसी अशा वेळी तीच फाइल पुन्हा कंपाइल करून पाहतो, आणि चूक पुन्हा आली नाही तर दोष हार्डवेअरचा किंवा सिस्टिमचा असावा असं स्वतःच छापतो. समुद्रालगतच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडतात. पट्टी काढून, संपर्क मऊ खोडरबराने पुसून, नीट बसवून रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. पानात याला दोनच ओळी द्या, पण द्या. नाहीतर ही तक्रार प्रकल्पाच्या बगयादीत जाऊन पडते आणि तिथे कोणालाच ती चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

लाइट गेली, मशीन बंद पडलं. पहिल्यापासून बांधायचं का?

बहुतेक वेळा नाही. मेक आणि निन्जा जिथे थांबले तिथून पुढे जातात. एक गोम मात्र आहे. वीज अचानक गेली की डिस्कवर पोचायच्या राहिलेल्या फाइल रिकाम्या उरतात. मेक फक्त तारीख-वेळ पाहतो. शून्य बाइटची ‘डॉट-ओ’ (कंपाइल झालेल्या तुकड्याची) फाइल सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे काम झालं, असं तो समजतो. शेवटी लिंक करताना ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड’ येतं आणि तासाभरापूर्वीच्या वीज जाण्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. उपाय एका ओळीचा: बांधणीच्या फोल्डरात ‘फाइंड’ ने शून्य आकाराच्या ‘डॉट-ओ’ आणि ‘डॉट-ए’ फाइल शोधून काढून टाकायच्या आणि मेक पुन्हा चालवायचा.

कंट्रोल-सीने थांबवलं तर असं होत नाही, कारण तेव्हा मेक अर्धवट फाइल स्वतःच काढतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून दोनदा लाइट जाते, तिथल्या वाचणाऱ्याला हा फरक माहीत असावा. कंपाइलचे निकाल साठवून ठेवणारं ‘सीकॅश’ बसवून ठेवलं तर फोल्डर पुसावं लागलं तरी आधी झालेलं कंपाइल वाया जात नाही.

नेट सारखं तुटतं. डाउनलोडची पायरी कशी लिहावी?

तुटणार हे धरूनच. ब्राउझरच्या दुव्यासोबत ‘डब्ल्यूगेट -सी’ किंवा ‘कर्ल -सी -’ (कर्लचा सी कॅपिटल) अशी पुढून जोडून घेणारी कमांड द्या. गणपतीत चाकरमानी गावी आले की टॉवरवर गर्दी होते आणि शंभर एमबीची फाइलसुद्धा चार हप्त्यांत येते.

गिटची गोष्ट वेगळी. क्लोन (प्रकल्पाचा सगळा साठा उतरवून घेणं) मध्येच तुटला तर तो पुढून जोडता येत नाही, पुन्हा शून्यापासून. म्हणून ‘--डेप्थ १’ चा उथळ, जुन्या इतिहासाशिवायचा क्लोन सांगावा, आणि इतिहास लागलाच तर ‘फेच --डीपन’ ने थोडा थोडा ओढावा. प्रत्येक हप्ता पूर्ण झाला की तो हातात राहतो. ज्याला फक्त बांधायचं आहे त्याला गिट नकोच, रिलीजचा टारबॉल (सगळा सोर्स एकाच फाइलीत बांधलेला) द्या.

त्यानंतर तपासणी. ‘एसएचए२५६सम’ ची कमांड (फाइलचा चेकसम, म्हणजे ओळखीचा ठसा काढणारी) आणि तिचं अपेक्षित उत्तर पानात शेजारी-शेजारी असावं. ६४ अक्षरं डोळ्यांनी ताडायला लावू नका, ‘-सी’ पर्यायाने मशीनलाच ताडू द्या. ही पायरी गाळली तर अर्धवट फाइल उघडताना टार ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ इन आर्काइव्ह’ म्हणतो आणि वाचणाऱ्याला वाटतं टार बिघडलाय.

एकाने आणायचं आणि पेन ड्राइव्हवरून सगळ्यांना द्यायचं, हे पानात लिहावं का?

जरूर. लांज्या-राजापूरकडच्या आतल्या वाड्यांत हीच खरी वाट आहे. फक्त, फोल्डर उघडून तसंच कॉपी करू नये. पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सएफएटी असतो. त्यावर चालवण्याची परवानगी आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) टिकत नाहीत, आणि घरी ‘कन्फिगर’ चालवताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. टारबॉल जसाच्या तसा न्यावा आणि घरच्या डिस्कवर उघडावा. एफएटी३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही, तेव्हा ‘स्प्लिट’ ने तुकडे करून तिकडे ‘कॅट’ ने जोडावेत. गिटचा साठा न्यायचा असेल तर ‘गिट बंडल’ एकच फाइल बनवतं, तिच्यावरून थेट क्लोन करता येतो. चेकसमची फाइल सोबत न्यायची. पेन ड्राइव्ह घाईत उपटला गेला असेल तर तिथेच कळतं.

‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ आणि ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ यांचा संबंध काय?

दोन्ही एरर एकाच कारणाने येऊ शकतात: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर २०३२, संपलेला. मशीन सुरू झालं की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सोर्समधल्या फाइल भविष्यातल्या वाटतात, आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालं नाही असं दिसतं. जुन्या लॅबमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की पूर्वतयारीची पहिली ओळ ‘डेट कमांड देऊन आजची तारीख बरोबर आहे ना पाहा’ अशी असायला हरकत नाही.

तयार बायनरी चालत नाही, ‘जीलिबसी’ चं कुठलंसं व्हर्जन मागते.

जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी. बायनरी नव्या लिनक्सवर बांधलेली आहे आणि तुमचं लिनक्स जुनं आहे. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६. पानात ‘लिनक्ससाठी’ एवढंच लिहिण्याऐवजी किमान जीलिबसी लिहा, आणि ‘एलडीडी --व्हर्जन’ ने ती कशी पाहायची तेही. ठळक इशारा असा हवा: जीलिबसी हाताने बदलू नका. सिस्टिममधली जवळजवळ प्रत्येक कमांड तिच्यावर उभी असते, बदलताना गडबड झाली तर ‘एलएस’ सुद्धा चालत नाही.

नवा कंपायलर बसला, पण व्हर्जन जुनंच दिसतं.

काखेत कळसा. बॅशने (टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने) जुन्या कंपायलरचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो. ‘हॅश -आर’ द्या किंवा नवं टर्मिनल उघडा. तरी तेच दिसलं तर ‘टाइप -ए जीसीसी’ ने सगळ्या प्रती पाहा आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, कोण आधी आहे ते तपासा. विंडोजवर पाथ बदलल्यानंतर आधी उघडलेल्या खिडकीला तो बदल कळत नाही.

जुन्यावर नवं उघडणं ही आणखी एक खोड. गोच्या सूचना स्पष्ट बजावतात की ‘यूएसआर-लोकल-गो’ मध्ये जुनं असताना त्यावरच टारबॉल उघडू नका, आधी जुनं काढा. अशी वाक्यं इतर पानांतही हवीत.

विंडोजसाठी काय वेगळं लिहावं?

चार गोष्टी. युजरच्या नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षरं असतील तर बरीच जुनी साधनं तो पाथ (इथे फाइलचा पूर्ण पत्ता) नीट वाचत नाहीत, मेक तर स्पेसवर नाव तोडतोच. म्हणून ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या रोमन नावाचं फोल्डर सुचवा. त्याने २६० अक्षरांच्या पाथमर्यादेचाही त्रास कमी होतो. गिट ओळींचे शेवट बदलतं आणि मग स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते, तेव्हा ‘ऑटोसीआरएलएफ’ बंद करून पुन्हा क्लोन करावा. आणि सोर्सपासूनच बांधायचं असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) लिनक्सच्या सूचना वापराव्यात, मात्र सोर्स लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरात ठेवून. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवला तर बांधणी फार रेंगाळते.

बसवल्यावर मुलं म्हणतात, ‘कंपायलर खराब आहे, आमचा प्रोग्राम चालत नाही.’

प्रोग्राम पाहा. वर ‘कोनिओ डॉट एच’, आत ‘क्लिअर-स्क्रीन’ आणि ‘व्हॉइड मेन’ असेल, तर तो टर्बो सीच्या निळ्या पडद्यासाठी लिहिलेला आहे. लिनक्सवर ते हेडर नाही. ‘बसलं का ते तपासा’ या भागात स्वतःचा छोटा प्रोग्राम द्या: एक हेडर, गणिती लायब्ररीतलं एक फंक्शन आणि अपेक्षित उत्तर. नुसतं ‘--व्हर्जन’ पाहून हेडर आणि लिंकर जागेवर आहेत का ते कळत नाही.

स्क्रीनशॉट घालावेत का?

टर्मिनलचे नकोत. त्यातून कॉपी होत नाही, शोधात ते सापडत नाहीत, आणि पुढच्या व्हर्जनला जुने होतात.

पानातली कमांड व्हॉट्सॲपवरून पाठवली की चालत नाही.

दोन तारांकांमधला मजकूर तिथे ठळक होतो आणि दोन अंडरस्कोअरमधला तिरका. चिन्हं दिसेनाशी होतात आणि बघून टाइप करणारा ती सोडून देतो. काही फोन दोन हायफनांचा एक लांब डॅश करतात, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात. मागे-पुढे तीन बॅकटिक लावून पाठवावं, त्याहून बरं म्हणजे पानाचाच दुवा पाठवावा. पान लिहिताना कमांडच्या आधीचं डॉलरचं चिन्ह गाळा, तेही कॉपी होतं.

मराठीत भाषांतर करताना काय जपावं?

समजावणं मराठीत, कमांड आणि एरर मुळातल्याच. एररचं भाषांतर केलं तर वाचणारा आपल्या पडद्यावरची ओळ पानात शोधू शकत नाही. व्हर्जनचे आकडे कमांडमध्ये रोमनच राहू द्या. सिस्टिम दुसऱ्या भाषेत चालत असेल तर ‘एलसी_ऑल=सी’ लावून कमांड चालवायला सांगा, म्हणजे एरर इंग्रजीत येते आणि शोधता येते. ‘संकलक’, ‘दुवासाधक’ असले शब्द टाळा. कंपायलर, लिंकर हेच सगळे म्हणतात.

चुकांची यादी पानाच्या शेवटी द्यावी का?

जी चूक ज्या पायरीवर होते, तिथेच खाली. अडलेला माणूस पान संपवून मग एरर शोधत नाही. एररची ओळ पूर्ण, मग कारण एका वाक्यात, मग उपाय.

काढून टाकण्याची कृती द्यावी का?

हो, आणि तिची तयारी बसवतानाच होते. ‘--प्रिफिक्स’ ने वेगळं फोल्डर सांगितलं तर काढणं म्हणजे ते फोल्डर पुसणं. सगळं ‘यूएसआर-लोकल’ मध्ये ओतलं तर कोणती फाइल कोणाची हे कळत नाही. सीमेकने बसवलेल्या फाइलींची यादी ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट’ मध्ये मिळते, म्हणून बांधणीचं फोल्डर लगेच पुसू नका असं सांगावं.

केलेला बदल प्रकल्पाला कसा पाठवायचा?

छोटा. एका पॅचमध्ये (पाठवायच्या बदलांच्या फाइलीत) एकच दुरुस्ती. सोबत: कोणत्या सिस्टिमवर, कोणत्या व्हर्जनवर, काय टाइप केलं, काय आलं, बदलानंतर काय आलं. ‘स्क्रिप्ट’ ची फाइल इथे कामाला येते. एलएलव्हीएमची पानं स्फिंक्स या पानं बनवणाऱ्या साधनाने बनतात आणि बदल गिटहबवर पुल रिक्वेस्टने जातो. जीसीसीची टेक्सइन्फो या लिहिण्याच्या पद्धतीत आहेत आणि पॅच मेलने पाठवायचा असतो. २०२१ पासून तिथे हक्क एफएसएफकडे (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे) सोपवल्याचे कागद सक्तीचे नाहीत, पॅचवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ची ओळ चालते. पाठवण्यापूर्वी पान आपल्या मशीनवर बनवून पाहा. एक कंस राहिला तरी टेक्सइन्फो अडून बसतो.

एकदा सुधारलेलं पान किती दिवस टिकतं?

पुढच्या रिलीजपर्यंत. जीसीसीचं मोठं व्हर्जन वर्षातून एकदा येतं, एलएलव्हीएमचं साधारण सहा महिन्यांनी. कमांड वेगळ्या काढून कंटेनरमध्ये आपोआप चालतील अशी सोय केली तर पान शिळं झाल्याचं त्याच दिवशी कळतं. ती सोय नसेल तर पानावर ‘अमुक तारखेला, अमुक सिस्टिमवर तपासलं’ असं लिहा, आणि पुढच्या खेपेला तारीख बदलायच्या आधी खरंच पुन्हा चालवून पाहा.